देणगी वर्षाची, वारसा शतकाचा

ठाण्याहून कोलशेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘सँडोज बाग’ हे नाव अद्याप ऐकू येते. ज्या रासायनिक कारखान्यावरून ते पडले तो आता तेथे नाही. या परिसरातील कारखान्यांच्या जमिनींवर उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या पलीकडे खाडी आहे आणि खाडीकाठी कोळीवाडा आहे. कारखाने येण्यापूर्वी तो होता, कारखाने गेल्यावरही तो आहे; परंतु त्याच्याजवळचे सर्व काही शिल्लक आहे असे मात्र म्हणवत नाही. होडीची घडण, डोलीचे जाळे, भरतीओहोटीचे पिढीजात ज्ञान आणि आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण गाते ते धवले, ही संपत्ती सात-बाराच्या कोणत्याही उताऱ्यावर चढलेली नाही. म्हणूनच ती नाहीशी झाली तरी कोणत्याही दप्तरात त्याची नोंद होणार नाही.

अशा संपत्तीच्या रक्षणासाठी खासगी प्रतिष्ठानांनी व कंपन्यांनी पैसा द्यावा, हा विचार आता नवा राहिलेला नाही. 2013च्या कंपनी कायद्याच्या 135व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्या कार्यांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या भागात कंपनी व्यवसाय करते त्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि पैसा येतो की नाही, एवढाच प्रश्न नाही. आलेला पैसा किती काळ थांबतो, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला दूरचे उदाहरण शोधावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना 1917 साली झाली. महाभारताची चिकित्सक व सचित्र आवृत्ती सिद्ध व्हावी म्हणून औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1918 मध्ये एक लाख रुपये देऊ केले. 1919 मध्ये काम सुरू झाले. ज्यांनी या कार्याला त्याची शास्त्रशुद्ध पद्धती दिली ते डॉ. वि. सी. सुखटणकर 1925 मध्ये प्रमुख संपादक झाले आणि आदिपर्वाचा पहिला भाग 1927 मध्ये बाहेर पडला. सुखटणकर 1943 मध्ये निवर्तले, पंतप्रतिनिधी 1951 मध्ये गेले, आणि कार्य पूर्ण झाले ते 1966 साली! सत्तेचाळीस वर्षे हे काम चालले. मध्यंतरी अनेक दात्यांनी, विद्यापीठांनी व सरकारांनी त्याला हात दिला. पण पहिल्या दात्याने ‘यंदा किती पर्वे झाली?’ असा हिशेब मागून हात आखडता घेतला असता तर दुसरा दाता पुढे आलाच नसता.

आता हेच कार्य आजच्या नियमांत बसवून पाहावे. कंपनीच्या अनिवार्य निधीतून चालणारा प्रकल्प आरंभीचे वर्ष सोडून अधिकात अधिक तीन वर्षांचा असू शकतो. म्हणजे 1919 साली सुरू झालेल्या कामाचा पैसा 1923 मध्ये थांबला असता. सुखटणकर येण्याच्या दोन वर्षे आधी! संस्थेच्या स्थायी निधीत दिलेली रक्कमही 2021 पासून या खर्चात धरली जात नाही. शिवाय हा निधी स्वीकारणाऱ्या संस्थेला सरकारदरबारी स्वतंत्र नोंदणी, आयकर-सवलतीची प्रमाणपत्रे आणि साधारणतः तीन वर्षांच्या कार्याचा पुरावा लागतो. या अटी निष्कारण घातल्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. सार्वजनिक कार्याच्या नावाखाली पैसा फिरवण्याचे प्रकार रोखावयाचे तर नियम हवेतच. पण त्यांचा परिणाम असा होतो की, लवकर पुरे होणारे आणि छायाचित्रात उठून दिसणारे काम पैसा मिळवते. भिंत रंगते, दिवे लागतात, कोनशिला बसते. सूची करणारा, हस्तलिखितांना वाळवी लागू न देणारा, म्हातारीच्या तोंडून गाणे उतरवून घेणारा माणूस मात्र मुदत संपली की घरी जातो.

यावर उपाय नाही असे नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये खुले झाले ते नगरातील धनिकांच्या वर्गणीच्या बळावर. कालांतराने त्याला अवकळा आली. तेव्हा 2003 मध्ये मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा-संवर्धन संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी महापालिकेची राहिली, ज्ञान तज्ज्ञांचे आले आणि प्रतिष्ठानाने पैशाचे बळ दिले. 2005 मध्ये या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. येथे दाता मालक झाला नाही आणि मालकाने हात झटकले नाहीत. 2018 मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावरील सुविधांसाठी एका सिमेंट उद्योगसमूहाशी पाच वर्षांचा करार झाला तेव्हा देशभर वादळ उठले. त्यामागे हीच भीती होती की, दात्याचे नाव वास्तूच्या नावाहून मोठे होईल. करारात प्रत्येकाची मर्यादा स्पष्ट असेल तर या भीतीला जागा राहत नाही.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी शेकडो गावांना ग्रंथालये बांधून दिली. परंतु त्यांची अट अशी असे की, जागा गावाने द्यावी आणि इमारतीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालयावर खर्च करावी. म्हणजे इमारत दात्याची, पण तिचा श्वास गावाचा. आमच्याकडे नेमके उलट घडते. कोनशिलेच्या समारंभाला सर्व उपस्थित असतात. पुढील वर्षीच्या विजेच्या बिलाला कोणीही नसतो.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभे आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या निष्ठेतून ठाण्याची ही संस्था जन्मली. या संस्था शतकाहून अधिक काळ तगल्या त्या एखाद्या मोठ्या देणगीमुळे नव्हे. वर्गणीदारांनी दर महिन्याला आणून भरलेल्या लहान रकमांमुळे. मध्यमवर्गाचा हा अभिमानाचा वारसा आहे, आणि आज तोच मध्यमवर्ग नव्या वसाहतींत राहूनही वाचनालयाचा सभासद नसेल तर दोष केवळ कंपन्यांना देता येणार नाही.

म्हणून आमचे तिघांना सांगणे आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी सांस्कृतिक कार्यासाठी देणगी स्वीकारताना पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद ठरावातच लिहून घ्यावी आणि तीत आपला वाटा घालावा. ज्या कंपन्या आज या खाडीकाठी घरे विकून नफा मिळवतात त्यांनी कायद्यातील ‘स्थानिक प्राधान्य’ या शब्दांचा अर्थ आपल्या प्रवेशद्वाराबाहेरील कोळीवाड्यापर्यंत पोचवावा. आणि ज्या धर्मादाय प्रतिष्ठानांवर कंपनी कायद्याच्या मुदतीचे बंधन नाही त्यांनी आपला पैसा विटांऐवजी माणसांच्या वेतनाला आणि स्थायी निधीला द्यावा. त्यात नाव कमी होते, पण काम टिकते.

कोलशेतच्या किंवा शेजारच्या कोणत्याही गावच्या धवलारणीचे गाणे उतरवून घेण्यास इमारत लागत नाही. एक जाणता अभ्यासक, एक ध्वनिमुद्रण यंत्र आणि काही वर्षांची निश्चिंती एवढे पुरते. हा खर्च एखाद्या उद्घाटन-समारंभाच्या मांडवाहून फार मोठा नसेल. परंतु मांडव पुढील वर्षीही घालता येतो. ती म्हातारी पुढील वर्षी असेलच असे नाही.