पावणेदहाची अपॉइंटमेंट

शनिवार, दुपारचे तीन. हरिहरेश्वर. आई, गुडघेवाले बाबा, पाच वर्षांची भाची आणि मी, प्रदक्षिणेला एकदम तयार! इतक्यात देवळाजवळच्या दुकानातल्या काकूंनी ब्रेक लावला. ‘‘आज चतुर्थी ना? फुल भरती आहे. खाली उतरू नका.’’

कोकणातलं गणित सोप्पं आहे. तिथीची पाऊणपट केली, की साधारण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे तीन. शाळेत पाऊणकी घोकलेले बाबा जाम खूश! ‘‘उद्या पंचमी. पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाला ओहोटी.’’

मी मात्र वैतागले. वीकएण्ड मोजूनमापून आखलेला, सोमवारी डेडलाइन. ‘‘पटकन जाऊन येऊ ना!’’ म्हणत कड्यावर चढले आणि खिंडीतून खाली डोकावले. वाट नव्हतीच. नुसता फेस. त्याच वाटेवरून मी भाचीचा हात धरून निघाले होते.

रविवारी नऊला दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्या उतरलो. खाली मोकळा, सपाट खडक. समुद्रानं कड्यावर कोरलेल्या पोळ्यासारख्या जाळीत भाचीनं प्रत्येक भोकात बोट घातलं. बाबा थांबत थांबत, पण पूर्ण चालले. वळसा घालून पुन्हा देवळाशी.

तर मंडळी, वाट सोपी आहे, पण समुद्राच्या वेळेनुसार. पावसाळ्यात नकोच. शेवाळावर पाय सरकतो, तेव्हा ग्रिपचे बूट घाला. आणि निघण्याआधी कॅलेंडरवर सुट्टीसोबत तिथीही बघा. न कळल्यास बाबांना विचारा. त्यांना आवडतं.