संशोधन पुण्यात, गोळी वेल्ह्यात

'उपयोजित संशोधन' हा शब्दप्रयोग विद्यापीठीय व्यवहारात इतका रुळला आहे, की ते संशोधन नेमके कोणाच्या उपयोगी पडावयाचे, हा प्रश्न विचारणे जवळजवळ असभ्यपणाचे मानले जाऊ लागले आहे. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके या प्रश्नाची कसोटी लावून पाहण्याजोगे आहेत. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला; लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.) या तालुक्यांपासून पन्नास-साठ किलोमीटरांवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये निघाला. संगणकक्षेत्रात देशाला महासंगणक देणारी सी-डॅक ही संस्था १९८८ पासून पुण्यातच आहे. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय २,५४० खाटांचे, म्हणजे राज्याच्या चार मनोरुग्णालयांतील सर्वांत मोठे. रसायन, संगणक आणि मानसोपचार या तिन्ही विद्यांचे माहेर इतके जवळ असणारे दुसरे डोंगरी तालुके महाराष्ट्रात क्वचितच सापडतील. काखेत कळसा म्हणावा, अशीच ही स्थिती आहे. गावाला पडणारा वळसा मात्र चुकलेला नाही.

प्रथम साधा हिशेब पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची सुमारे साडेचोपन्न हजार. देशात लाख लोकसंख्येमागे साधारण पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, असा अंदाज सांगितला जातो. या सरासरीने वेल्ह्याच्या वाट्याला अर्धाही तज्ज्ञ येत नाही. शिवाय तज्ज्ञ शहरातच राहतात, तेव्हा हा अर्धाही कागदावरचाच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने दर दहा प्रौढांत सुमारे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आणि विकारपरत्वे शेकडा ७० ते ९२ रुग्ण उपचाराविना असल्याचे दाखवून दिले. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे भोर-वेल्ह्याविषयी बोलताना जे आकडे वापरावे लागतात, ते केरळ, राजस्थान किंवा मणिपूर यांच्यासारख्या राज्यांतून आलेले असतात. संशोधनाची एवढी परंपरा सांगणाऱ्या राज्याला हे भूषणावह नाही.

कायद्याने मात्र या रुग्णाला पुष्कळ दिले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ च्या मेमध्ये अंमलात आला. त्याच्या अठराव्या कलमानुसार आवश्यक यादीतील मानसोपचाराची औषधे शासकीय आरोग्यसंस्थांतून सर्व काळ विनामूल्य मिळावयास हवीत, आणि या हक्काची सुरुवात सामुदायिक आरोग्य केंद्रापासून होते. महाराष्ट्रात या केंद्राला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. म्हणजे मढे घाटाच्या तोंडाशी असलेल्या केळदच्या रुग्णाचा हक्क येरवड्यात नव्हे, तर वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात सुरू होतो. 'सर्व काळ' या दोन शब्दांचे मोल ज्याला आजाराची माहिती आहे त्यालाच कळेल. ताप उतरला की गोळी थांबते. छिन्नमनस्कतेची किंवा उन्माद-अवसादाची गोळी वर्षानुवर्षे चालते, आणि मध्ये खंड पडला तर महिन्यांची कमाई पंधरवड्यात जाते.

गोळी महाग आहे, म्हणून ती मिळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी काढून केवळ प्रक्रियेला संरक्षण दिले. २००५ मध्ये पदार्थाचे पेटंट परत आले, परंतु तोवर फ्लुऑक्झेटिन, रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन यांसारखी औषधे येथील कारखान्यांत तयार होऊन स्वस्त झालेली होती. लिथियम तर कोणाच्या मालकीचे कधी नव्हतेच. वेल्ह्याच्या माणसाच्या उपचारखर्चात गोळीची किंमत हा सर्वांत लहान आकडा असतो. नसरापूरमार्गे पुण्याला जाण्यायेण्याचे भाडे, रुग्णाबरोबर जाणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज, आणि लावणीच्या दिवसांत घरातली दोन माणसे एकदम कमी होणे, हे त्याचे खरे मोल. म्हणूनच जवळच्या रुग्णालयात जी गोळी मिळते, ती चांगली असणे याला एवढे महत्त्व आहे. ती निकामी निघाली तर दुसरी आणावयास पुन्हा पुण्यालाच जावे लागते.

गोळी चांगली आहे हे ठरवावयाचे कोणी? येथे औषधविश्लेषणाचे शास्त्र येते. महाराष्ट्राने या बाबतीत फार मोठी किंमत मोजलेली आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी आणि वशिला यांची साखळी उघडी केली. तरीही २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातील एका शासकीय ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचा अहवाल हाती येईपर्यंत ते वर्ष संपत आले होते. तोवर त्या गोळ्या रुग्णांच्या पोटात गेलेल्या होत्या.

प्रतिजैविक निकामी असेल तर निदान ताप उतरत नाही आणि डॉक्टराला शंका येते. मनोविकाराच्या गोळीचे तसे नसते. तिचा गुण यावयास आठवडे लागतात आणि तिचा अभावही आठवड्यांनीच दिसतो. दिसतो तेव्हा दोष गोळीकडे जात नाही. 'गोळ्या घेत नसेल,' असे डॉक्टर म्हणतो. 'चोरून थुंकत असेल,' असे घरचे म्हणतात. आणि मग मांढरदेवची वाट धरली जाते. 'मी रोज घेतली' हे रुग्णाचे म्हणणे खरे मानले जात नाही. कारण तो मनाचा रुग्ण आहे! ज्याच्या साक्षीला किंमत नाही, त्याच्या वतीने प्रयोगशाळेने साक्ष द्यावयाची असते.

गोळी बनावट असावी लागते असेही नाही. भोर-वेल्ह्याचा पाऊस पुरेसा आहे. सोडियम व्हाल्प्रोएट हे औषध हवेतील पाणी इतके ओढून घेते, की वेष्टनातून काढलेली गोळी पावसाळी हवेत चिकट होऊन पाझरू लागते. ती पट्टीतून सोडवून कागदाच्या पुडीत बांधून दिली, तर महिन्याच्या अखेरीस पुडीत काय उरले असेल, याची कल्पना करता येते. कार्बामाझेपिनचे प्रकरण अधिक गूढ आहे. दमट हवेत त्याचे स्फटिक पाणी धरतात, गोळी कठीण होते आणि पोटात नीट विरघळत नाही. अशा गोळ्या आपल्या परिणामाचा एकतृतीयांशापर्यंत भाग गमावू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्येच दिला होता. गंमत अशी, की अशा गोळीत औषध किती आहे, एवढेच तपासले तर ती उत्तीर्ण होते! औषध सगळे जागेवर असते. ते सुटत नाही, इतकेच. दोष पकडावयाचा तर विद्राव्यतेची चाचणी करावी लागते. त्यासाठी लागणारे उपकरण औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात असतेच. आणि भोरमध्ये असे महाविद्यालय आहे.

लिथियमचा प्रश्न गोळीचा नसून रक्ताचा आहे. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर इतके थोडे, की रक्तातील प्रमाण वेळोवेळी मोजल्याविना हे औषध देणे जोखमीचे. भरपूर घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झाले, की ते प्रमाण चढते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही चढते. दिवसभर भातखाचरात वाकून लावणी करणारा माणूस संध्याकाळी कंबरेसाठी कोणती गोळी मागतो, हे गावातील दुकानदाराला ठाऊक असते. संशोधकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण तो तिथे गेलेला नाही.

मग संशोधक करतो काय? औषधविश्लेषणातील पदव्युत्तर प्रबंधांची नुसती शीर्षके पाहावीत. ओलॅन्झापिन आणि फ्लुऑक्झेटिन यांच्या मिश्रगोळीतील प्रमाण द्रव-वर्णलेखनाने एकाच वेळी मोजण्याची पद्धती विकसित करणे व तिची ग्राह्यता सिद्ध करणे, या धर्तीचे प्रबंध देशभर वारंवार लिहिले जातात. द्रावकाचे प्रमाण थोडे बदलते, स्तंभ बदलतो, निष्कर्ष तोच: पद्धती सोपी, अचूक व किफायतशीर आहे. ती पद्धती पुढे कोणत्या रुग्णालयातील कोणत्या गोळीला लावली, याचा उल्लेख शोधून सापडत नाही. फूटपट्टी पुन्हा पुन्हा तयार करावयाची आणि कापड कधीच मोजावयाचे नाही, असा हा उद्योग आहे.

संगणकाकडील अवस्था निराळी नाही. इंग्रजीत लिहिलेल्या मजकुराचे तयार संच घेऊन त्यांवरून नैराश्य ओळखणारी प्रणाली बांधणे, हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प झाला आहे. अचूकतेची टक्केवारी उत्तम येते. परंतु हिरडस मावळातील बाई नैराश्यात 'मन उदास आहे' असे सहसा म्हणत नाही. ती 'अंग मोडून आलंय', 'डोकं भणभणतंय', 'कशात जीव लागत नाही' असे म्हणते, आणि तेही कोठे लिहून ठेवत नाही. दुसरीकडे, शासकीय औषधभांडारांच्या नोंदीसाठी 'ई-औषधी' ही सी-डॅकचीच प्रणाली राज्यात वापरात आली. साठ्याची नोंद हे मोठेच काम आहे. तथापि, साठ्याच्या नोंदीला खोके दिसते, माणूस दिसत नाही. मागच्या महिन्यात गोळी नेलेले चाळीस रुग्ण असतील, तर या महिन्यात त्यांतील कोण आले नाही, एवढा प्रश्न विचारणारी वही या दोन तालुक्यांना हव्या असलेल्या संगणकशास्त्राचा पाया ठरेल. त्यासाठी महासंगणक लागत नाही.

येथे एक धोका आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीत रुग्णाचे नाव काढून टाकले तरी वय, लिंग आणि वाडी एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. मुलीचे लग्न मोडावयास तेवढे पुरते. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या त्याच अधिनियमात आहे. नोंद ठेवणे आणि नोंद लपविणे या दोन्ही गोष्टी संगणकाच्या विद्यार्थ्याला एकाच वेळी साधाव्या लागतील, आणि हा प्रश्न नैराश्य ओळखणाऱ्या प्रणालीहून पुष्कळ अवघड आहे.

उपयोजित संशोधन म्हणजे काय, याचा नमुना दूर शोधावयास नको. सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडावर होणारा परिणाम कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्ये नोंदविला होता. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. थोड्याच काळात ते न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत पोहोचले. पुढे ते मागे पडले, ही गोष्ट वेगळी. वकिलांपुढे रुग्ण होता, गोळी होती आणि दोहोंतील संबंधाविषयी प्रश्न होता. आजच्या प्रबंधांत या तिहींपैकी बहुधा एकच असते.

यावर एक आक्षेप संभवतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील निष्कर्षाला न्यायालयात किंमत नाही. औषध निरीक्षकाने रीतसर घेतलेला नमुना आणि शासकीय विश्लेषकाचा अहवाल यांनाच ती आहे. हे खरे आहे. परंतु १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे सव्विसावे कलम औषध विकत घेणाऱ्या कोणाही व्यक्तीला विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करवून घेण्याचा अधिकार देते. महाविद्यालयाने दर महिन्याला भोर आणि वेल्हे येथील काही गोळ्या तपासाव्यात; संशय आला तर रुग्णालयाला कळवावे; दुकानातून घेतलेली गोळी असेल तर या कलमाचा आधार घ्यावा. शेकडो नमुने आंधळेपणाने मुंबईला धाडण्यापेक्षा संशयित चार धाडणे शासनालाही स्वस्त पडेल.

दुसरा आक्षेप अध्यापकांचा आहे, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. बढती शोधनिबंधांच्या संख्येवर मिळते. 'वेल्ह्याच्या रुग्णालयातील कार्बामाझेपिन आषाढात कसे टिकते' या निबंधाला परदेशी नियतकालिकात कोण विचारणार? अर्थशास्त्राच्या भाषेत, ज्या कामाचा लाभ सर्वांना आणि खर्च एकट्याला, ते काम बाजार करीत नाही. तेव्हा हा खर्च विद्यापीठाने उचलला पाहिजे, आणि तो फारसा नाही: स्थानिक नमुन्यांवरील प्रबंधाला स्वतंत्र गुण, द्रावके आणि प्रवास यांसाठी थोडी रक्कम, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचे नमुने घेण्याविषयीचे एक परवानगीपत्र. पावसाळ्याच्या तोंडी घेतलेल्या गोळ्या दिवाळीनंतर पुन्हा तपासावयाच्या असल्याने विषयाची निवड ज्येष्ठातच व्हावयास हवी. त्या पत्राचा मसुदा एका पानात बसेल.