अवजार कोणाच्या मालकीचे?

वीज न पोहोचलेल्या बांधकामावर सुताराला चौकट बसवायची असते. पिशवीतले बिनतारी ड्रिल मशीन जुने आहे. मोटर शाबूत, दाते शाबूत, पण बॅटरीत धुगधुगी उरलेली नाही. दुकानदार सांगतो, ही बॅटरी आता येत नाही, नवे मशीनच घ्या. सुतार नवे मशीन घेत नाही. तो बॅटरीचे कवच उघडतो, आतले मेलेले सेल काढतो, कवचाच्या टोकांना दोन जाड तारा जोडतो आणि त्या बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोच्या बॅटरीला लावतो. मशीन फिरू लागते. भंगारात निघालेले अवजार पुन्हा कामावर रुजू होते.

या कृतीला ‘जुगाड’ म्हणून हसण्याची किंवा तिची कौतुकाने पाठ थोपटण्याची रीत आहे. दोन्हींत तिच्यामागचे ज्ञान दुर्लक्षिले जाते. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, असे दहा मिळून १२ व्होल्ट होतात. वाहनाच्या शिसे-आम्ल बॅटरीत दोन व्होल्टहून किंचित अधिक दाबाची सहा घरे असतात. त्यामुळे १२ व्होल्टच्या जुन्या मशीनला हा बदल सहज मानवतो. परंतु भार वाढताच मोटर २०-३० अँपियर प्रवाह ओढते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारांतून तीन मीटर अंतरावर ३० अँपियर नेले, तर जाण्यायेण्याच्या वाटेतच सव्वा व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. वाहनाची बॅटरी तारा एकमेकींना चिकटताच शेकडो अँपियर ओतू शकते. म्हणून तिच्या धन टोकापाशीच फ्यूज हवा. मोठ्या मालट्रकची २४ व्होल्टची जोडणी तर हे मशीन जाळूनच टाकील. एवढे सारे जाणणारा कारागीर अडाणी कसा?

अवजार मेले नव्हते. त्याचे मरण ठरवून दिलेले होते. १९६१ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. पुढे काढता-घालता येणारी बॅटरी आली, ती कामगाराची सोय होती. मात्र प्रत्येक कंपनीने आपली खाच वेगळी ठेवली आणि सोयीची बेडी झाली. कवचाच्या आतले नळकांडीसारखे सेल बहुधा सर्वसामान्य मापाचेच असतात. वेगळे असते ते प्लास्टिक. त्या प्लास्टिकच्या आकारावर ग्राहक जखडला जातो. नव्या लिथियम मशीनांत तर बॅटरीची इलेक्ट्रॉनिक खूण पटल्याखेरीज काही यंत्रे फिरतच नाहीत.

हा व्यवहार नवा नाही. १९२४ साली बड्या दिवे-उत्पादकांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ स्थापून बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले आणि अधिक टिकणारा बल्ब बनविणाऱ्या सभासदाला दंड ठोठावला. त्याच वर्षी गांधीजी शिवणयंत्राला यंत्रविरोधातून अपवाद म्हणून वगळत होते, कारण त्यामागे माणसाचे कष्ट वाचविण्याची माया त्यांना दिसली. माणसाच्या हाताशी राहणारे यंत्र आणि माणसाला गिऱ्हाईक म्हणून बांधून ठेवणारे यंत्र, हा भेद शंभर वर्षांनीही कायम आहे.

कॅडमियम विषारी आहे, जुन्या बॅटऱ्या जायलाच हव्यात, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. युरोपीय संघाने बिनतारी अवजारांतील कॅडमियमला दिलेली सूट २०१६ च्या अखेरीस संपविली, हे योग्यच झाले. पण सेल बदलले म्हणून मोटर, दाते आणि पोलाद उकिरड्यावर टाकण्याचे कारण काय? त्याच संघाने २०२२ साली मोबाइल फोनसाठी एकच चार्जर-जोडणी कायद्याने ठरविली आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर ती लागू झाली. फोनला जे जमले ते ड्रिलला का जमू नये?

भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे तिने निवडली. सुतार, फिटर, वायरमन यांच्या हातातील अवजाराचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. ज्याची रोजी अवजारावर चालते, त्याचाच विसर पडावा, हे आपल्या ग्राहकनीतीच्या वर्गीय दृष्टीला साजेसेच आहे.

मागणी साधी आहे. बॅटरीची खाच व दाब यांचे समान मानक ठरावे. सेल बदलता येतील असेच कवच असावे. विद्युत-आराखडा मशीनबरोबर मिळावा. आणि बाहेरून वीज जोडण्यासाठी फ्यूजसह सुरक्षित सोय कंपनीनेच द्यावी. टेम्पोच्या बॅटरीला तारा लावणाऱ्या सुताराने आपल्यापुरता प्रश्न सोडविला, पण ठिणगीची जोखीम स्वतःच्या अंगावर घेऊन. पैसे मोजून घेतलेले अवजार उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि चालू ठेवण्याचा हक्क ज्याला नाही, तो त्याचा मालक नव्हे. तो केवळ भाडेकरू होय.