तळवे हलू द्यायचे नाहीत

नाशिक रोडला, जेल रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी सहाला मॅट पसरल्या जातात आणि पंचवटी एक्स्प्रेस मुंबईकडे निघते त्या सुमारास गुंडाळल्या जातात. महिन्याभरापूर्वी मीही तिथे सूर्यनमस्कार शिकायला जाऊ लागले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. शाळेत कवायतीच्या तासाला नमस्कार घातले होते. पण शिटी वाजली की वाकायचं आणि पुन्हा वाजली की उठायचं, एवढंच तेव्हा कळलं होतं.

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. पहिल्या आठवड्यात तिने एकही पूर्ण नमस्कार घालू दिला नाही. कुणाला रक्तदाब, कुणाला पाठीचं दुखणं हे आधी विचारून घेतलं, मग रोज दोन-दोन स्थिती. वर उठताना श्वास घ्यायचा, वाकताना सोडायचा, साष्टांगात क्षणभर रोखायचा. आणि एकदा टेकलेले तळवे शेवटपर्यंत हलू द्यायचे नाहीत.

खरा कस तिथेच लागतो. भुजंगासन जमलं, पर्वतासनही टाचा थोड्या उचलून जमलं. अडलं ते परत येताना. मागचा उजवा पाय एका दमात दोन तळव्यांच्या मधे आणायचा असतो. माझा वीतभर मागेच थांबे. मग हात उचलून घोटा धरायचा, पाय पुढे ओढायचा. तोवर श्वास तुटलेला, आणि श्वास तुटला की बारा स्थितींची माळच सुटते.

"काकू, घाई नको. खांदे हातांवर येऊ द्या, कंबर वर राहू द्या, मग पाय सोडा."

नमस्कार म्हटलं की टाकळी आठवते; आमच्या नाशिक रोडपासून ती फार लांब नाही. नंदिनी जिथे गोदावरीला मिळते, तिथे समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं आणि ते रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. लहानपणी हा आकडा ऐकून मी नुसती मान डोलावली होती. आता एकेका नमस्काराला किती लक्ष लागतं ते कळल्यावर तोच आकडा ऐकताना हात आपोआप जोडले जातात.

घराघरात नमस्कार पोचावेत म्हणून मात्र झटले ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. आपल्या संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी मुलामुलींना नमस्कार घालायला लावले. १९३८ साली लंडनमध्ये निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच दहा अंकांचा उल्लेख आहे, कारण त्यांच्या पद्धतीत स्थिती दहा. आम्ही शिकतो त्या बारा. मोजणी कुठलीही असो, एका राजाने प्रजेच्या अंगात बळ यावं म्हणून इतका जीव ओतावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गेल्या मंगळवारी कंबर वर ठेवली, श्वास घेतला आणि पाय सोडला. तो अंगठ्यांच्या रेषेत येऊन टेकला. पूर्ण उभी राहिल्यावर खाली पाहिलं, तर मॅटवर तळव्यांचे दोन ओलसर ठसे होते, न पुसटलेले, बोटन् बोट दिसणारे.