ऐंशी टक्के म्हणजे फुल्ल!

अमेरिकेत आरव्ही भाड्याने घेऊन भटकायचं फॅड आता आपल्या ग्रुप्समध्येही रुळलंय. गाडीतच बेड, फ्रिज, शॉवर आणि शेगडी. ग्रँड कॅनियनजवळ सकाळी आल्याचा चहा, सोबत गरमागरम पोहे... बुकिंग करताना डोळ्यांसमोर हेच असतं. त्या पोह्यांखालचा प्रोपेन संपला तर काय, हा प्रश्न चौथ्या दिवशी पडतो. तोही बहुतेक रात्री, हीटर थंड पडल्यावर!

इथे आपला घरचा अनुभव उपयोगाचा नाही. १४.२ किलोचा सिलेंडर भरलेला दारात येतो, रिकामा परत जातो. भरताना कोणी बघितलाय? तिकडे गॅस तुमच्यासमोर भरतात. मोटरहोमची टाकी गाडीलाच कायमची बसवलेली, त्यामुळे अख्खी गाडी पंपावर न्यायची. मागे जोडून ओढायच्या ट्रेलरचे सिलेंडर मात्र सुटे करून नेता येतात.

भरायचं काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचंच, पण तयारी आपली. इंजिन बंद. शेगडी, फ्रिज, गीझर, हीटर सगळं त्यांच्या त्यांच्या स्विचवर बंद. कारण ही मंडळी 'शांत' दिसली तरी मनात आलं की स्वतःच ठिणगी टाकतात. मग टाकीचा मेन व्हॉल्व्ह बंद. आणि सगळ्यांनी खाली उतरायचं. झोपलेलं बाळ, गुडघे दुखणारी आजी, सगळ्यांनी. 'दोन मिनिटांचं तर काम' असं म्हणायचं नाही. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि ठिणगीची वाट बघतो. म्हणूनच आरव्हीतला गॅस डिटेक्टर खाली, फरशीजवळ असतो. त्याच्यासमोर बॅगा रचू नका, प्लीज.

आता खरी गोची. टाकी ८० टक्के भरली की थांबतात. द्रवरूप प्रोपेन उन्हाने फुगतो, त्याला जागा हवी. टाकीवरचा एक छोटा स्क्रू भरताना सैल केलेला असतो. द्रव त्या पातळीला आला की तिथून पांढरी वाफ फुसफुसते, की बस्स! सुट्या सिलेंडरमध्ये हेच काम आतला फ्लोट करतो. तिकोनी मूठ ही त्याची खूण. हा फ्लोट नसलेले नेहमीचे छोटे सिलेंडर २००२ पासून तिकडे भरून देत नाहीत. कॉलरवरची तारीखही बघतात, कारण बनवल्यापासून १२ वर्षांनी फेरतपासणी लागते.

युटामधल्या एका पंपावर आपल्याच एका भाऊसाहेबांना मी 'अजून थोडा बसेल की' म्हणून हुज्जत घालताना पाहिलंय. पैसे दिले म्हणजे माप शिगोशीग हवं, हा आपला स्वभाव. पंपावरचा पोरगा हसून 'नो सर' म्हणत राहिला. माझं मत विचाराल तर टिप त्यालाच द्यावी. २० पौंडी सिलेंडरमध्ये साधारण ४.७ गॅलन गेला, की तुमचं माप पूर्ण झालं.

भरून झाल्यावर व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झटका दिलात तर आतल्या सेफ्टीला वाटतं पाइप फुटला, आणि ती गॅस अडवते. जॉइंटवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करून गाडी पुन्हा त्याच माणसाला दाखवा. आत गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडा, हाताशी असेल तर बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब जाऊन ९११ फिरवा.

आणि हो, टाकी भरून न्यू जर्सीच्या मावशीकडून वॉशिंग्टनला निघणार असाल, तर रूट नीट बघा. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून अशी गाडी नेऊ देत नाहीत. २०२४ मध्ये तिथला की ब्रिज कोसळला, त्यामुळे ६९५ वरून शहराच्या पश्चिमेकडून वळसा घ्या. मावशीला डबा थोडा मोठा द्यायला सांगा.