विझणारा उजेड

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळा कारखान्यांत हजारो बायका टीएनटी भरण्याच्या कामावर होत्या. त्यांची कातडी पिवळी पडे. लोक थट्टेने त्यांना ‘कॅनरी’ म्हणत, त्या नावाच्या पिवळ्या पाखरावरून. पण तो पिवळेपणा विषाचा होता. कित्येकींचे यकृत बिघडले आणि काविळीने त्यांचा जीव गेला.

तोच टीएनटी आज पाण्यात आहे. जुन्या कारखान्यांच्या जमिनीतून तो झिरपतो. युद्धानंतर नकोसा झालेला दारूगोळा समुद्रात टाकून देण्यात आला. एकट्या जर्मनीच्या समुद्रहद्दीत असा सुमारे १६ लाख टन माल तळाशी गंजत पडला आहे.

पिण्याच्या पाण्यात किती टीएनटी चालेल? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा आयुष्यभरासाठीचा सल्ला लिटरमागे २ मायक्रोग्रॅमचा आहे. म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर घ्या आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाका, इतकेच. हे डोळ्याला दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्राला दिसते, पण नमुना तिथवर न्यावा लागतो आणि अहवालाची वाट पाहावी लागते.

म्हणून शास्त्रज्ञ प्रतिदीप्तीकडे वळले. अतिनील दिव्याखाली नोटेतले धागे चमकतात ना, तीच ही प्रतिदीप्ती. अतिनील प्रकाश घेऊन पदार्थातला इलेक्ट्रॉन वर चढतो आणि खाली येताना उजेड देतो. टीएनटी आणि पिक्रिक आम्ल यांच्या रेणूत प्रत्येकी तीन नायट्रो गट असतात आणि ते इलेक्ट्रॉनचे मोठे भुकेले. वर चढलेला इलेक्ट्रॉन ते ओढून घेतात आणि उजेड विझतो. इथे खबर मिळते ती अंधारातून.

एमआयटीच्या टिमोथी स्वेगर यांनी १९९८ मध्ये याची करामत दाखवली. त्यांनी चमकणारे रेणू लांब साखळीत गुंफले. लग्नमांडवातल्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची, तसे काहीसे. ते तंत्र हवेतल्या वाफेसाठी होते. पाण्याचे काम अधिक अवघड. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांच्या गटाने २०१३ मध्ये पिक्रिक आम्ल निवडून ओळखणारे सच्छिद्र स्फटिक बनवले आणि २०१५ मध्ये थेट पाण्यात चालणारे, झिर्कोनियमचे. त्यात अमिनो गट मुद्दाम बसवला आहे. पिक्रिक हे आम्ल असल्याने तिथे चिकटते, टीएनटी तसे चिकटत नाही.

आता माझी शंका. पिक्रिक आम्ल मुळात पिवळे. दिव्यासमोर पिवळा पडदा धरला तरी उजेड कमी होतोच! मग रेणू चिकटल्याने विझला की नुसता झाकला गेला, हे वेगळे तपासावे लागते. शिवाय विहिरीच्या पाण्यात लोह असते, कुजलेल्या पाल्याचे अंश असतात. तेही चमक मंदावतात. शुद्ध पाण्यात जमलेला प्रयोग विहिरीवर फसू शकतो. अशी कागदी पट्टी पहिली चाळणी म्हणून ठीक. पट्टी विझली तर नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

आणि ओळखले म्हणजे पाणी साफ झाले असे नाही. कारखाने असे सांडपाणी सक्रिय कोळशातून गाळतात. तो वापरलेला कोळसा मग स्वतःच घातक कचरा ठरतो आणि त्याची विल्हेवाट वेगळी लावावी लागते.