मावशी गोळ्या पुरवून वापरतात

‘वस्तीतल्या लोकांना कितीही समजावा, ते गोळ्या घेतच नाहीत.’ वाशीत मधुमेहाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते साफ चुकीचं वाटतं.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी तुर्भे स्टोअर्सला राहतात. परवा त्यांनी पदराच्या गाठीतून मेटफॉर्मिनची पट्टी काढून दाखवली. दिवसाला दोन गोळ्या घ्यायला सांगितलंय. त्या घेतात दिवसाआड एक. ‘पाच दिवसांच्या गोळ्या वीस दिवस जातात, ताई.’ घरातलं तेल पुरवावं तशा त्या गोळ्या पुरवतात. दवाखान्यात फुकट मिळतात हे त्यांना ठाऊक आहे. पण रांग सकाळची, आणि सकाळीच चार घरची कामं. खाडा झाला की पैसे कापले जातात. कापणारे आपणच.

अज्ञान म्हणाल, तर ते दोन्हीकडे आहे. ‘एवढी काटकुळी बाई, तिला कसली शुगर?’ हे मी सुशिक्षितांच्या तोंडून ऐकलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं दाखवत आलेत की वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त असू शकते. आणि चिकाटीचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्येच सांगितलं होतं, की श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. साखर नॉर्मल आली की गोळी बंद करणारे टॉवरमध्येही आहेत.

क्षयरोगाचं बघा. 1997 पासून आपल्याकडे ‘डॉट्स’ आलं. औषध घराजवळ, कुणाच्या तरी देखरेखीखाली मिळू लागलं, आणि अशाच वस्त्यांतल्या कितीतरी जणांनी महिनोन्‌महिन्यांचा कोर्स पुरा केला. यावर कुणी म्हणेल, क्षय बरा होतो, मधुमेह जन्माचा. खरं आहे. म्हणून तर सोय जास्त हवी : संध्याकाळची ओपीडी, एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या, आणि रुग्ण तारखेला आला नाही तर त्याच्या दारात जाणारं माणूस. शिबिरात किती जणांची शुगर तपासली ते फलकावर मोठ्या अक्षरांत लिहितात. त्यातले सहा महिन्यांनी किती जण औषधावर टिकले, हा आकडा मला कुठल्याच फलकावर दिसलेला नाही. माझ्या मते खरा आकडा तोच.

मावशींच्या केसपेपरवर पुढची तारीख सोमवारची आहे, सकाळी नऊची. त्या वेळी त्या दुसऱ्या घरची भांडी घासत असतात.